तेरा दिवसांचा फळा

कमलाकर गुरुजींना फक्त एक फळा टांगायचा होता. पुढे जे झाले त्याची हळहळ त्यांना अजून वाटते. पण सुरुवात पाहिली तर एवढीच होती: एक फळा, दोन खिळे आणि उन्हाळ्याच्या सुट्टीत मोबाइलवर माना वाकवून बसलेली मधुबन लेआउट या वसाहतीतली चौदा पोरे.

पोरांसाठी गुरुजींनी एक खेळ काढला होता. दोन अक्षरे घ्यायची, समजा 'पाट', आणि ती ज्या ज्या शब्दाच्या पोटात दडली असतील तो शब्द घरातल्या म्हाताऱ्या माणसांकडून हुडकून आणायचा. नुसता शब्द आणला तर लिमलेटची एक गोळी. त्या शब्दाचा जुना, आता कोणी वापरत नाही असा अर्थ आणला तर दोन. या दोन गोळ्यांवर गुरुजींचा फार विश्वास होता. एक्केचाळीस वर्षे जिल्हा परिषदेच्या शाळांत घालवून त्यांचे मत बनले होते की छडीने शिकवलेले मूल विसरते, पण गोळी जिभेवर असताना शिकवलेले विसरत नाही.

पहिला प्रश्न जागेचा आला. घरच्या अंगणाला त्यांच्या पत्नी शुभदाताई यांनी नकार दिला. "चौदा पोरं म्हणजे अठ्ठावीस पाय. मोगरा मी अठ्ठावीस पायांसाठी लावलेला नाही," एवढेच त्या म्हणाल्या. राहिली लेआउटच्या मधली मोकळी जागा. तिथे एक लाकडी सांगाडा उभाच होता. कुठल्याशा निवडणुकीतले पोस्टर वाऱ्याने नेले होते आणि सांगाडा मागे राहिला होता. गुरुजी हातोडी घेऊन निघाले, तर फाटकातच शेजारचे खेमसिंग राठोड आडवे आले.

खेमसिंग पाटबंधारे विभागातून हेडक्लार्क म्हणून निवृत्त झाले होते. आवक-जावक क्रमांकाशिवाय सूर्य तरी कसा उगवतो, हे कोडे त्यांना अजून सुटलेले नव्हते.

"गुरुजी, ते जागा नगरपरिषदेची हाय. परवानगीबिगर खिळा ठोकाल तं उद्या तुमच्याच फळ्यावर तुमच्या नावाची नोटीस लागन."

"अहो, दोनच खिळे आहेत."

"एक ठोका का दोन, कलम तेच."

दुसऱ्या दिवशी खेमसिंगांनी तीन प्रतींत अर्ज तयार करून आणला आणि दोघे नगरपरिषदेत गेले. तिथल्या बाबूने अर्जाच्या तिन्ही प्रती बाजूला ठेवल्या आणि कॉम्प्युटर उघडला.

"फलकाचा प्रकार सांगा. व्यावसायिक, राजकीय, धार्मिक, वाढदिवस अन् श्रद्धांजली."

"शैक्षणिक," गुरुजी म्हणाले.

"ते नाही यात."

"मग रकाना रिकामा ठेवा."

"रिकामं ठेवलं तं हा पुढं सरकत नाही जी."

खेमसिंगांनी गुरुजींच्या उजव्या कानाशी तोंड नेले. डाव्याने गुरुजींना ऐकू येत नसे, हे सगळ्या लेआउटला माहीत होते. मुलीने पुण्याहून पाठवलेले कानाचे मशीन दोन वर्षांपासून कपाटात होते, कारण ते लावले की माणूस म्हातारा दिसतो असे गुरुजींचे म्हणणे होते. गुरुजी त्या वेळी बहात्तर वर्षांचे होते.

"वाढदिवसाले एकच दिवस भेटते," खेमसिंग म्हणाले. "श्रद्धांजलीले तेरा. अन् मयताच्या बोर्डाले कोनी हात लावत नाही, नगरपरिषदबी नाही."

गुरुजींचा सत्यनिष्ठपणा मिनिटभर आडवा आला. जिवंत माणसाला मेला म्हणणे त्यांना जमले नसते. पण बाबूने "मयताचं नाव?" असे विचारल्यावर त्यांना एकदम वाट सापडली.

"जुने शब्द," ते म्हणाले. यात निदान खोटे काही नव्हते.

"वय?"

"शंभराच्या पुढे."

"मंग चांगले जगले," बाबू म्हणाला आणि त्याने कागद छापला. त्यावर आडनाव नीट मागे टाकलेले होते: कै. शब्द जुने.

परवान्याची प्रत फळ्याच्या कोपऱ्यात चिकटवणे सक्तीचे होते. त्यामुळे पहिल्याच दिवशी दोन गृहस्थ स्कूटर थांबवून, चेहरे पाडून आत आले. जुने म्हणजे नेरचे का, तिथे जुन्यांची दोन घरे आहेत, असे विचारू लागले. गुरुजींनी त्यांना शब्दांचा सगळा खेळ समजावून सांगितला. गृहस्थांनी तो शांतपणे ऐकला आणि जाताना, "तरी पण वाईट झालं," असे म्हणून गेले.

फळ्याचे नियम गुरुजींनी स्वतः केले होते. शब्द, अर्थ, वाक्य आणि सांगणाऱ्याचे नाव. वाक्य सांगणाऱ्याच्याच बोलीत हवे, त्यात वेलांटीचीही ढवळाढवळ नको. आणि फळ्यावर लिहायचे ते सांगणाऱ्याच्या घरच्या मुलाने. दुसऱ्याचे ज्ञान घ्यावे आणि त्याचे नाव गाळावे, ही गुरुजींच्या मते चोरी होती. हा नियम त्यांनी कधी मोडला नव्हता, आणि याच नियमाने पुढे घात केला.

पहिला शब्द 'पाटबंधारे' असावा यासाठी खेमसिंग अडून बसले. त्यांचे वाक्य होते, "पाटबंधारे विभागात मी एकतीस वर्षे निष्कलंक सेवा केली." हे वाक्य शब्दाविषयी नसून खेमसिंगांविषयी आहे, असे गुरुजींचे मत पडले. पण नियम तो नियम. पाठोपाठ पाटी, पाटा, सपाट आले. कोणी झपाटा आणला. एका मुलीने 'आटपाट नगर' आणले आणि आटपाट म्हणजे काय असे विचारले. गुरुजींनी रात्रभर कोश चाळले आणि सकाळी पोरांसमोर कबूल केले की आपल्याला ठाम माहीत नाही. पोरांना हे फार आवडले.

जुन्या अर्थांचा खरा साठा मात्र समोरच्या ओट्यावर होता. मोकळ्या जागेच्या पलीकडे बबनरावांचे घर. नेरकडे त्यांची कपाशी-तुरीची शेती, पोरीच्या शाळेसाठी घर इथे बांधलेले. त्यांची आई तानाबाई, वय ऐंशीला टेकलेले, रोज संध्याकाळी ओट्यावर सूप घेऊन बसे. डाळ निवडलेली असली तरी ती पुन्हा निवडे. तिची नात सुरभी पाचवीत होती, अक्षर मोत्यासारखे.

तानाबाईने पहिल्याच आठवड्यात सगळ्या लेआउटला मागे टाकले. पाटावर थापून वड्या पाडतात म्हणून पाटवडी. शेताशेताला पाळीने पाणी सोडणारा तो पाटकरी. आणि 'कपाट' म्हणजे तिच्या आजीच्या तोंडी दार. "देवळाचे कपाट लोटा, म्हने. लाकडी अलमारी आमी कुठी पाह्यली होती तवा." गुरुजींनी कोश उघडला, तर अर्थ बरोबर निघाला. त्यांना इतका आनंद झाला की सुरभीला त्यांनी दोनऐवजी तीन गोळ्या दिल्या, आणि मग नियम मोडला म्हणून एक स्वतः खाल्ली.

आठव्या दिवशी संध्याकाळी गुरुजी वही घेऊन ओट्याच्या पायरीवर बसले होते. तानाबाईचे हात सुपात थांबले. तिने मागे दाराकडे पाहिले आणि हळू आवाजात काहीतरी सांगायला सुरुवात केली.

"जरा मोठ्यानं सांगा, तानाबाई," गुरुजी म्हणाले.

तिने क्षणभर त्यांच्याकडे पाहिले. मग मोठ्याने सांगितले.

"पाट म्हंजे आनखीन एक असते, गुरुजी. नवरा मेलेल्या बाईचं दुसरं घर. कोनी म्होतूर म्हनते, आमच्याकडं पाट म्हनत. त्याले मांडव नाही, वाजंत्री नाही. माहा पाट लागला तवा मी सत्रा वर्साची होती."

गुरुजींच्या वहीवर पेन भराभर धावत होते. हा अर्थ कोशात बारीक टायपात त्यांनी पाहिला होता, पण तिथे वाक्य नव्हते. असे चालतेबोलते वाक्य आयुष्यात प्रथमच हाती लागत होते. त्यांनी ते दोनदा वाचून पाहिले आणि एकच प्रश्न विचारला.

"'लागला' म्हणायचे की 'लावला'?"

तानाबाई थोडा वेळ गप्प बसली. "लागला," ती म्हणाली.

"छान," गुरुजी म्हणाले आणि वही मिटून घरी आले. त्या रात्री ते दोन पोळ्या जास्त जेवले.

नवव्या दिवशी सकाळी सुरभीने फळा लिहिला. गुरुजी वहीतून सांगत होते आणि ती ठळक, गोल अक्षरात उतरवत होती. वाक्याशी आल्यावर तिचा हात थांबला.

"गुरुजी, हे आजीनंच सांगितलं का?"

"तिच्याच शब्दांत. 'सत्रा'च लिही, 'सतरा' नको. आणि खाली नाव."

सुरभीने नाव लिहिले. तानाबाई. गुरुजींनी तिच्या हातावर दोन गोळ्या ठेवल्या. तिने त्या तोंडात टाकल्या नाहीत, फ्रॉकच्या खिशात ठेवल्या. हे गुरुजींच्या लक्षात आले होते. त्यांना वाटले, पोरगी काटकसरी आहे.

दहा वाजता खेमसिंग फळ्यासमोर उभे राहिले. त्यांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला.

"गुरुजी, शब्द ठीक हाय. अर्थबी ठीक हाय. पन वाक्य?"

"अस्सल आहे."

"तेच तं," खेमसिंग म्हणाले आणि कधी नव्हे ते अधिक काही न बोलता घरी गेले.

दुपारपर्यंत फळ्याचा फोटो लेआउटच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर फिरला. भाजीवाल्याच्या गाडीभोवती बायका नेहमीपेक्षा जास्त वेळ थांबल्या आणि ओट्याकडे बघून आवाज खाली आणू लागल्या. चारच्या सुमारास बबनराव शेतावरून आले. मोटारसायकल उभी करून ते फळ्यापुढे थांबले. गुरुजी खिडकीतून बघत होते. चार ओळी वाचायला माणसाला किती वेळ लागतो, हे गुरुजींना चांगले माहीत होते. बबनरावांना फार जास्त वेळ लागला.

संध्याकाळी ते गुरुजींच्या घरी आले. आवाज चढवतील म्हणून गुरुजींनी मनाची तयारी केली होती. बबनराव खुर्चीच्या कडेवर बसले आणि टीपॉयवर लिमलेटच्या दोन गोळ्या ठेवल्या.

"सुरभीनं वापस पाठवल्या."



"मले राग नाही आला, गुरुजी. पाट काही वाईट गोष्ट नोहे. पन बावन वर्सं झाले, मी माह्या मायले ओळखून राह्यलो असं समजत होतो. बुढ्या बापानं नाही सांगितलं, तिनं नाही सांगितलं. अन् आज मले ते माह्याच पोरीच्या अक्षरात, चौकात वाचा लागलं."

"चूक माझी आहे," गुरुजी म्हणाले.

"तुमी शिकवलं आमाले. तुमाले काय म्हनू?" बबनराव उठले. जाताना त्यांनी चपला सावकाश घातल्या.

ते गेल्यावर गुरुजी तडक फळ्याकडे गेले आणि जवळच्या धुतलेल्या रुमालाने त्यांनी ते वाक्य पुसले. ही त्या दिवसातली दुसरी मोठी चूक ठरली. फळ्यावर मधोमध एक पांढरा पट्टा राहिला, आणि ज्यांनी सकाळी फळ्याकडे पाहिलेही नव्हते ते आता थांबून विचारू लागले, इथे काय होते.

मग सल्ले सुरू झाले. ही तानाबाई ती तानाबाई नव्हे असे लिहा, असे एकाने सुचवले. खेमसिंगांनी रीतसर शुद्धिपत्रक तयार करून आणले: "फलकावरील दिनांक अमुकचे वाक्य रद्द समजण्यात यावे." गुरुजी तो कागद हातात धरून बसले. रद्द काय समजायचे? बाईचे सतरावे वर्ष? त्यांनी कागदाच्या चार घड्या केल्या आणि तो खिशात ठेवला.

शुभदाताईंनी दुसऱ्या दिवशी वाटीभर कढी नेऊन दिली. गेल्या सहा वर्षांत तानाबाईच्या घरून वाटी कधी रिकामी परतली नव्हती. चार हरभरे असोत, लिंबाचे लोणचे असो, काहीतरी येईच. या वेळी वाटी आली ती घासून लख्ख केलेली आणि रिकामी. शुभदाताईंनी ती आपल्या स्वयंपाकघरातल्या ओट्यावर पालथी ठेवली.

"ती हळू बोलत होती ना?" त्यांनी विचारले.

"हो."

"मग हळू का बोलते ते कळायला कान कशाला लागतात?"

समोरचा ओटा दोन दिवस रिकामा राहिला आणि दार लोटलेले राहिले. पोरे येत होती, पण सुरभी येत नव्हती, आणि ती नाही म्हणून बाकीच्यांचेही लक्ष लागत नव्हते.

बाराव्या दिवशी संध्याकाळी सुरभी फाटकाशी आली. आत आली नाही.

"आजीनं बोलावलं तुमाले. वही आनू नका म्हने."

गुरुजींनी माफीची तीन वाक्ये मनात नीट रचली होती. ओट्यावर जाऊन त्यांनी पहिले सुरू केले, तर तानाबाईने हात वर केला.

"पाट लागला हे काही खोटं नाही. मले त्याची लाज नाही. बबनचं बबन पाहून घेईन. दोन दिस गुमसुम होता, काल रातच्याले पायाजवळ येऊन बसला."

"मग मी कुठे चुकलो, ते तरी सांगा."

तानाबाईने सूप बाजूला ठेवले.

"तुमी इचारलं, लागला का लावला. म्या म्हटलं, आता इचारतीन. थांबली. तुमी वही मिटली अन् गेले."

"काय विचारायला हवं होतं?"

"पाट दुसरा असते, गुरुजी. पहिला कोन होता हे साठ वर्सात कोनी इचारलं नाही. ह्या घरात त्याचं नाव काढता येत नोयतं. तिकडच्या घरी मी राह्यली नाही. मले वाटलं, हा मास्तर हाय, हा इचारन."

सगळ्या लेआउटला सहा वर्षे ते सांगत आले होते की प्रश्न विचारायला शिका.

"कोण होते?" त्यांनी अखेर विचारले.

"उकंडा नाव होतं. घाटंजीकडचा. त्याच्या पहिले तीन लेकरं गेलते, म्हून मायबापानं असं नाव ठेवलं. उकिरड्यावरचं नाव असलं तं काळ हात लावत नाही म्हने. एकोनीस वर्साचा होता. तापानं गेला. माहा त्याचा संसार आठ महिन्याचा."

समोर फळा दिसत होता, मधोमध पांढरा पट्टा घेऊन.

"खेमसिंगभाऊ म्हनत होते, तुमचा फळा मयताचा हाय. किती दिस राह्यले त्याचे?"

"उद्याचा एक."

"मंग उद्याचा दिस मले द्या."

तेराव्या दिवशी सकाळी सुरभी खडू घेऊन उभी राहिली. बबनराव मागे होते. तानाबाई आपल्या ओट्यावरच बसली होती, सूप न घेता. गुरुजींनी आधी ओल्या फडक्याने फळा वरपासून खालपर्यंत पुसला. मग सुरभीने लिहिले: उकंडा. मागच्या बाजूला दोन पोरे ते नाव वाचून हसली. गुरुजींनी मागे वळून पाहिले आणि ती गप्प झाली.

"गुरुजी, अर्थ?"

"नको."

"वाक्य?"

"तेही नको."

"सांगनार?"

गुरुजी फळ्यापासून बाजूला झाले. सुरभीने वडिलांकडे पाहिले.

"लिव," बबनराव म्हणाले. "आजीचं नाव लिव."

दुपारी चार वाजता नगरपरिषदेचा तोच बाबू मुदत संपल्याचा कागद घेऊन आला. त्याने फळा वाचला.

"हेच का ते जुने?"

"नाही," गुरुजी म्हणाले. "हे दुसरे."

"वय?"

"एकोणीस."

बाबूने पेनचे टोपण काढले होते ते परत लावले. मग, "उद्या उतरवा जी, आज राहू द्या," असे म्हणून स्कूटरला किक मारून निघून गेला.

फळा आता गुरुजींच्या अंगणात आहे. शुभदाताईंनी मोगरा कुंडीत हलवला. सुरभी पुन्हा येऊ लागली आहे, पण जुना अर्थ आणला तरी एकच गोळी घेते, आणि गुरुजी दुसरी पुढे करत नाहीत. 'पाट'चे पान त्यांच्या वहीत अर्धे कोरे आहे.

तेराव्या दिवसाच्या संध्याकाळी शुभदाताईंनी आपण होऊन कपाटातून कानाचे मशीन काढून दिले. गुरुजींनी ते लावले, पण दोन वर्षे पडून त्याचा सेल उतरला होता. तसेच ते ओट्यावर गेले. तानाबाई उकंडाविषयी सांगू लागली, तो कसा हसायचा, घाटंजीच्या बाजारातून त्याने तिच्यासाठी काय आणले होते. ती हळू बोलत होती. गुरुजींचा हात दोनदा खिशातल्या पेनाकडे गेला आणि परत आला. त्यांनी उजवा कान तिच्याकडे केला. अर्धे ऐकू आले, अर्धे गेले. बाजारातून काय आणले होते, ते नेमके गेलेल्या अर्ध्यात होते.

मोठ्याने सांगा, असे ते म्हणाले नाहीत.